सपाट रेघ

आभाळबंदीनंतर दहिवडीच्या गच्च्यागच्च्यांवर दोन बांबू आणि त्यांच्यामध्ये ताणलेली एक तार दिसू लागली. पृथ्वीभोवतीचे उपग्रह एकमेकांवर आदळून त्यांचा चुरा झाला होता आणि तो चुरा नवा उपग्रह टिकू देत नव्हता. समुद्राखालच्या केबली सरकारं आणि बँका अडवून बसल्या होत्या. तुम्हाआम्हाला परदेशातल्या पोराबाळांशी बोलायचं, तर शंभर वर्षांपूर्वीचीच युक्ती उरली होती. वातावरणाच्या वरच्या थरात, सूर्याच्या प्रतापानं विद्युतभारित झालेलं आयनांबर असतं. रेडिओलहर त्याच्यावर आपटते आणि हजारो किलोमीटर पलीकडे खाली उतरते. फुकटची सोय, पण तिचा नेम नाही. कधी साधते, कधी नाही.

केतकी शिंगटेला ती सहा वर्षांत एकदाही साधली नव्हती.

तिची मुलगी रेवा नामिबियात होती. नवरा डॉ. अभिजित शिंगटे टेकडीवरच्या बिनतारी केंद्राचा प्रमुख. घरचा सेट त्यानंच बसवला होता. दर रविवारी संध्याकाळी केतकी माइकसमोर बसून "रेवा, रेवा" करायची आणि अभिजित काट्याकडे बघून म्हणायचा, "जुळणी उत्तम आहे. आयनांबर साथ देत नाही, त्याला मी काय करू?" शेजारच्या बाईचं कॅनडाला बोलणं व्हायचं. हळूहळू केतकीची खात्री पटली, की पोटच्या पोरीनं आपल्याला टाकलं. पाहुण्यांत विषय निघाला की ती रेवाबद्दल वाटेल ते बोलायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

अभिजित निवृत्त झाल्यावर केंद्रावर डॉ. अल्फिया मुजावर रुजू झाली. एका रविवारी दुपारी ती सरांना भेटायला आली, तर सर केस कापायला गेलेले. तिच्या पिशवीत हातात मावणारा जुळणीमापक होता.

"आलीच आहेस तर आमची तार बघून दे," केतकी म्हणाली. "सर म्हणतात उत्तम आहे. पण कुणी ऐकेल तर शपथ."

अल्फियानं सेटची केबल काढून मापकाला जोडली. पडद्याच्या तळाशी एक सरळ रेघ उमटली.

"हे काय सांगतं गं?"

"तारेत सोडलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते, ते. प्रत्येक तारेला तिच्या लांबीप्रमाणे ठरावीक सूरच मानवतात काकू. तेवढे ती हवेत सोडते, बाकीचे परत पाठवते. म्हणून पडद्यावर डोंगर दिसतो आणि तिच्या सुराशी एक दरी."

"इथं तर सगळीकडे दरीच आहे. म्हणजे चांगलंच की."

"फार चांगलं. इतकं चांगलं नसतं. सगळ्याच सुरांना हो म्हणणारी तार मी अजून बघितलेली नाही."

दोघी केबलीच्या मागानं माळ्यावर चढल्या. गच्चीवरच्या तारेचं टोक भिंतीशी नुसतं लोंबत होतं. सेटची केबल रंगाच्या एका जुन्या डब्यात शिरली होती. डब्यात तेल होतं.

"हा बनावट भार," अल्फिया म्हणाली. "सेट तपासताना लावतात, हवेत काही जाऊ नये म्हणून. आत रोधक असतो. येईल ती शक्ती तो गिळतो आणि तिची उष्णता करतो."

केतकीला डबा ओळखीचा होता. अभिजितनं तो ट्रान्सफॉर्मर म्हणून सांगितला होता. रविवारी तो कोमट व्हायचा, म्हणून थंडीत ती विरजण त्याच्याशेजारी ठेवायची. सहा वर्षं तिनं मारलेल्या हाकांनी दही लागलं होतं.

"पण काकू, सर तर दर रविवारी केंद्रावरून रेवाताईंशी बोलतात," अल्फिया चाचरत म्हणाली. "सकाळी मी तिथलं एरियल उतरवलं होतं, म्हणून आज पाचची वेळ ठरलीय. मला वाटलं, तुम्हाला..."

अभिजित परतला तेव्हा केतकी डबा मांडीवर घेऊन बसली होती. त्यानं डब्याकडे पाहिलं आणि चप्पल न काढताच खाली बसला.

"ती माझ्याशी एवढंच बोलायची," तो म्हणाला. "'बाबा, आईला द्या.' फोन होते तेव्हाही तेच. तू गप्प झालीस आणि ती माझ्याशी बोलायला लागली. तासभर बोलते, केतकी. सगळं सांगते."

"मी गप्प झाले? इथं बसून घसा कोरडा करत होते मी! चार गोष्टी बोलायला तुझं तोंड कुणी धरलं होतं? आणि तिची पत्रं?"

"केंद्राच्या पत्त्यावर यायची."

"माझी लेक चोरलीस तू. वर मी तिलाच शिव्या घालत राहिले. माझ्या पोरीला!" तिचा आवाज फाटला. "मी का बोलत नाही, हे तिला काय सांगितलंस?"

अभिजितनं मान खाली घातली. "सांगितलं काहीतरी."

अल्फियानं गच्चीवरची खरी तार केबलीला जोडली. आता पडद्यावर दरी दिसली, पण भलत्या जागी. तार लांब होती. तिनं टोकाचे तुकडे छाटले, तशी दरी सरकत सरकत रेवाच्या सुरावर येऊन बसली. सेट सुरू होताच खोली खरखरीनं, शिट्ट्यांनी, परक्या भाषांनी भरून गेली. हवेत इतका गलका असतो, हे केतकीला आज कळत होतं.

पाच वाजता तिनं माइकचं बटण दाबलं. "रेवा, मी आई."

तिनं बटण सोडलं. बराच वेळ नुसती खरखर. मग अगदी जवळून बोलावं तसा रेवाचा आवाज आला. "आई? बाबांनी तुला सेटवर बसवलं? आई गं..."

"रेवा, ऐक. मला काही झालेलं नाही. तुझ्या बाबांनी तार तोडून ठेवली होती. मी दर रविवारी तुला हाका मारत होते."

"हो आई, हो. चिडू नकोस. बाबा म्हणालेच होते, की ती म्हणेल मला काही झालं नाही, तुम्हीच मला फसवता. डॉक्टर सांगतात, या आजारात तसं वाटतं."

केतकीनं वळून पाहिलं. दारातून अभिजित कधीच निघून गेला होता. अल्फिया तोंडावर हात ठेवून उभी होती.

"मी शहाणी आहे, रेवा! तुझा वाढदिवस सांगू? तुझ्या शाळेचं नाव सांगू?"

"सांग ना." रेवा लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश, गोड बोलत होती. "आधी सांग बघू, मी कोण?"

केतकीनं बटण दाबलं. "तू रेवा," ती म्हणाली. "माझी मुलगी."

"शाब्बास, आई!" आठ हजार किलोमीटरवरून रेवा म्हणाली, आणि तिला मनापासून आनंद झाला होता.