कोरफडीला पाणी कोणी घातलं?

ती निघाली होती फरशीवाल्याशी भांडायला. पण त्याच्या दुकानाला कुलूप! आता एवढा जपून आणलेला राग घेऊन घरी परत कसं जायचं? म्हणून ती शेजारच्या रोपवाटिकेत शिरली.

आत एक उंच तरुण पाठमोरा बसून कुंडीत माती भरत होता.

"खडकात काय उगवतं?" तिने विचारलं. विचारलं कसलं, दरडावलंच.

"नमस्कार," तो वळून म्हणाला.

"घरामागचं अंगण आहे. सगळा खडक. कुदळ मारली की ठिणगी उडते. गवत तिथे सात जन्मांत यायचं नाही, आणि मला ते नकोही. बाबा म्हणतात, सरळ फरशी घालू. मी म्हणते, झाडं लावू. शेवटी पैज लागली. महिनाभर रोपं जगली तर अंगण माझं, नाही तर फरशी."

"आणि ठिणगी... फक्त कुदळ मारल्यावरच उडते?"

तिचे कान तापले. "रोपं विकता की विनोद?"

"रोपं विकतो. विनोद फुकट."

निवड मात्र त्याने मन लावून केली. घायपात उताराला, कोरफड दगडांच्या फटींत, चिनी गुलाब उन्हाच्या भिंतीकडे. "फटीत बारीक खडी घाला. पाणी आठवड्यातून एकदाच. जास्त माया केलीत तर मरतील."

"माझ्याकडे माया कमीच आहे."

"ते दिसतंय," तो म्हणाला आणि हसला. ती घरी पोचेपर्यंत त्या हसण्यावर चिडत राहिली.

घरात बापलेकीचा अबोला होता. मीठ हवं असलं तरी बाबा ते टेबलाला सांगून मागत. तिने रोपं लावली, सांगितलं तसंच पाणी घातलं, आणि तरीही एकेक कोरफड पिवळी पडून लिबलिबीत झाली.

तिने ती उपटली आणि रोपवाटिकेत जाऊन त्याच्या टेबलावर आपटली. "कुजकी रोपं गळ्यात मारलीत!"

त्याने मूळ बोटांत दाबलं. पाणी गळलं. आता त्याचाही चेहरा लाल झाला. "माझ्या रोपांना नावं ठेवू नका. रोज पाणी घातलंय तुम्ही!"

"आठवड्यातून एकदाच घातलंय!"

"मग काय, कोरफड स्वतः नळावर जाऊन पिऊन येते?"

"म्हणजे मी खोटं बोलते? या ना, स्वतः या आणि बघा!"

"येतो! उद्या पहाटेच येतो!"

"या!"

ती तरातरा दारापर्यंत गेली. मागून आवाज आला, "अहो... पत्ता?"

पहाटे, चोरून पाणी कोण घालतं ते बघायला, दोघं अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागे उकिडवी बसली होती.

"सरका जरा," ती कुजबुजली.

"कुठे सरकू? मागे खडक आहे."

खांद्याला खांदा लागला. पलीकडे हातभर जागा मोकळी होती, पण ती दोघांपैकी कुणालाच दिसली नाही.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. बाबा, हातात झारी! चोरपावलांनी येऊन ते प्रत्येक रोपाला पाणी घालू लागले. तिच्या मस्तकात तिडीक गेली. पैज जिंकायला हे असं? ती उठणार, तोच त्याने तिचा हात धरला. बाबा पुटपुटत होते —

"जगा रे बाबांनो... नाही तर पोरगी माझ्याशी कधी बोलायची नाही."

तिचा राग एकदम पोरका झाला. कुठे ठेवावा तेच कळेना.

"बाबा!"

झारी खाली पडली. "मी... अगं, सुकली होती बिचारी."

"पैज तुम्ही लावली होती ना?"

"लावली होती. हरायची तयारी करत होतो." मग त्यांची नजर टाकीकडे गेली. "आणि हा कोण?"

"हे... रोपवाटिकेचे."

"पहाटे? सेवा घरपोच दिसते."

फरशीवाल्याला बाबांनीच 'फरशी नको' म्हणून सांगून टाकलं. नवी रोपं आली. झारी माळ्यावर गेली. चिनी गुलाबाला कळ्या धरल्या... आणि एके दुपारी ती पुन्हा पाय आपटत रोपवाटिकेत आली.

"आज काय मेलं?" त्याने बाकावर बसूनच विचारलं.

"काहीच नाही!"

"मग?"

"मग काय मग? सगळी जगली! घायपातीला नवं पान आलंय. बाबा दिवसभर बडबडतात. आता भांडायला यायचं ते कशाच्या जोरावर? इतकी चिवट रोपं द्यायची असतात का माणसाला? तुम्हाला काही कळतं का हो?" बोलता बोलता ती जवळच्या कुंडीतली माती उगाच उकरू लागली.

त्याने हातांची माती पुसली. सावकाश... जणू घाई केली तर ती पाखरासारखी उडून जाईल.

"भांडायला कारण लागतं?"

"परक्या माणसाशी लागतं."

"आणि आपल्या?"

ती कुंड्यांकडे बघत राहिली. "आपल्याशी... नाही लागत."

"मग रोज ये," तो हळूच म्हणाला.

"एकदम 'ये'?"

"राग आला?"

"भयंकर," ती म्हणाली, आणि बाकावरच्या कुंड्या बाजूला सारून त्याच्या शेजारी बसली.