खांद्यावरचं कडं

मर्ल हॅगनच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात आर्डिथ क्वामे शिरली की तो आधी रेडिओ बंद करायचा आणि मग खुर्ची पुसायचा. खुर्ची पुसली नाही तर ती बसायची नाही, आणि रेडिओ चालू असला तर गाणाऱ्याची अक्कल काढायची. त्या दिवशी तिनं बंदूक सरळ टेबलावर आडवी ठेवली.

"नळी गेलीय. नवी बसवायची. चांदमारी पानगळीत आहे, तोवर झाली पाहिजे."

"होईल की काकू. ऑर्लिनकाकांचं रीमर द्या, त्याच कोरणीनं नळीत काडतुसाचं घर कोरतो."

आर्डिथ खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक ट्रक आणि त्यात बसलेला कुत्रा.

"रीमर पुरलं," ती म्हणाली.

"कुठे?"

"त्याच्याबरोबर. कोटाच्या खिशात."

मर्लनं तोंडावर हात ठेवला. हसू दाबायला की काय, ते त्यालाच माहीत.

तिचंही काही अगदीच चुकलं नव्हतं. बंदुकीचा संसार तिघांचा. काडतूस बसतं ते नळीच्या बुडातलं घर, मागून दार लावतो तो बोल्ट, आणि गोळी उडाल्यावर फुगलेली रिकामी पुंगळी दाबून पुन्हा त्या घराच्या मापाला आणते ती डाय. तिघांत केसभर फरक पडला तर दार लागत नाही, किंवा लागतं आणि तोंडावर फुटतं. माणसांच्या लग्नात याच्या निम्मीही मापं कुणी घेत नाही, असं आर्डिथचं ठाम मत होतं. ऑर्लिननं तर काडतूसही स्वतःचंच काढलेलं, दुसऱ्याच्या पुंगळीची मान आवळून. दुकानात मिळायचं नाही ते. घर कोरायचं रीमर त्यानं हातानं घासलेलं, आणि त्याच्या एका दाताचा टवका उडालेला. म्हणून त्याच्या बंदुकीतून निघालेल्या प्रत्येक पुंगळीच्या खांद्यावर, मान सुरू होते त्या उतारावर, एक बारीक कडं उमटायचं. "नवं कर की रे," असं आर्डिथ म्हणाली की तो म्हणायचा, "सही आहे ती माझी."

तो गेला तेव्हा नणंद बर्निस शवपेटीपाशी डोळे पुसत उभी होती, पण नजर हत्यारांच्या कपाटाकडे. आर्डिथनं ते बघितलं आणि रीमर उचलून नवऱ्याच्या खिशात घातलं. घे आता, म्हणाली मनात. नळी झिजलीय हे तिला घरी येऊन कॉफी पिताना आठवलं.

आणि बंदूक कुणाची, हे अजून ठरायचंच होतं. जाता जाता ऑर्लिन दोघींना जवळ बोलावून म्हणाला होता, "पानगळीच्या चांदमारीत माझ्या काडतुसानं पाचही गोळ्या काळ्यात घालेल, तिची बंदूक." बायको आणि बहीण यांच्यात भांडण लावायची खोड त्याला जन्मभर होती, ती तो बरोबर घेऊन गेला नाही. बर्निस तालुक्यात नावाजलेली नेमबाज. आर्डिथनं गोळ्या कमीच मारलेल्या, पण ऑर्लिननं ज्या काडतुसांवर ढाली जिंकल्या ती सगळी तिनं तळघरात बसून भरलेली. दारू तिनं तोललेली, बुडाच्या ठिणगीच्या टोप्या तिनं बसवलेल्या. ढालींवर नाव मात्र त्याचं. ती बंदूक बर्निसच्या भिंतीवर लटकणार, या विचारानं तिला जेवण गोड लागत नव्हतं.

मर्लनं जुन्या पुंगळ्यांवरून माप घेऊन नवं रीमर करून आणलं. टवका सोडून, गुळगुळीत. नव्या नळीत घर कोरलं, ती फिरवत फिरवत बसवली. माप तपासायच्या दोन गेजांपैकी जाणाऱ्यावर बोल्ट लागला, न जाणाऱ्यावर अडला, म्हणजे घर बरोबर मापाचं. दुकानामागच्या मातीच्या ढिगाऱ्यात त्यानं एक गोळी मारली, पुंगळी काढली आणि बघत बसला.

खांद्यावर कडं होतं.

"डायमुळे," तो म्हणाला. "तुमची डाय काकांनी त्याच रीमरनं कोरलेली. डायचं कडं उमटलं पुंगळीवर."

आर्डिथला पटलं. नवी डाय केली, नव्या रीमरनं. नव्या कोऱ्या पुंगळ्या आणल्या, ज्यांना ऑर्लिनचा वाराही लागलेला नव्हता. गोळी मारली.

कडं.

मर्लनं नळीत दिवा घालून बघितलं. घर आतून चांदीच्या पेल्यासारखं लखलखीत. त्यानं मेण ओतून घराचा साचा काढला. साचाही गुळगुळीत. मग तो पोलादाला दोष देऊ लागला, मग हवेला.

"हवेनं कडी पडतात होय रे?" आर्डिथ म्हणाली. "मग तुझ्या डोक्यावरही पडलं असेल एखादं. बघू."

तिनं पुंगळी नाकाशी नेली. जळलेल्या दारूचा वास यायला हवा होता. आला तो गुडघ्यांना चोळायच्या मलमासारखा, थंड, गोडसर. ऑर्लिन गालात मलमातलंच तेल घातलेली तंबाखू धरायचा, तिचा वास अस्साच. जन्मभर त्या वासावरून तिनं त्याला उशी वेगळी दिली होती.

तिनं पुंगळी मर्लपुढे धरली. त्यानं हुंगली आणि दाराकडे बघितलं.

"काकू, ते रीमर नक्की खिशातच घातलंत ना?"

"मी स्वतः बटण लावलं."

 ट्रकमधला कुत्रा उगाच विव्हळला.

"काडतूस उडतंय ना?" आर्डिथ उठत म्हणाली. "मग झालं. त्याला लुडबुड केल्याशिवाय चैन पडायचं नाही. जिवंत होता तेव्हा तरी कुठे पडायचं?"

चांदमारीच्या सकाळी मैदानावर दंव पडलं होतं. सगळं गवत पांढरं, चाललं की बुटाखाली करकरायचं. मंडपात कॉफी उकळत होती आणि कुणीतरी आणलेले डोनट थंडीनं दगड झाले होते. बर्निस नवं जाकीट घालून आली.

"वहिनी, अगं या वयात पालथी झोपणार तू? उठवायला क्रेन सांगू का?"

"सांग. येताना तुझं जाकीट उचलायला उपयोगी पडेल."

लांब पलीकडे पांढऱ्या कागदावरची काळी वर्तुळं दिसत होती. पहिली पाळी बर्निसची. ती रुबाबात आडवी झाली, काडतूस घातलं, बोल्ट पुढे ढकलला.

लागेना.

काडतूस बदललं. लागेना. आर्डिथनं आपल्या डब्यातली दिली, तीही आत जाऊन अडली. बर्निस लाल झाली. तळव्यानं ठोकायला लागली तसा मर्ल धावत आला. त्यानं बंदूक घेतली, तेच काडतूस घातलं, दोन बोटांनी बोल्ट फिरवला. लोण्यासारखा लागला. त्यानं काडतूस काढून बंदूक परत दिली.

बर्निसच्या हातात पुन्हा अडला.

"हात गार असतील, ताई," मर्ल म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज गार होता.

"दादाला मी कधी आवडलेच नाही," बर्निस पुटपुटली आणि उठून मागे जाऊन उभी राहिली.

आर्डिथ चटईवर आडवी झाली. गुडघ्यांनी सगळ्या मैदानाला कळवलं.

बोल्ट लागला. तिनं जोर लावायच्या आधीच.

"माझं मला करू दे," ती दातांत म्हणाली.

पहिली गोळी काळ्यात. दुसरी काळ्यात.

मलमाचा वास दाट झाला.

तिसरीला वारा आला. ती थांबली. का थांबली ते तिला सांगता आलं नसतं. वारा पडला. तेव्हाच बोट दाबलं गेलं.

काळ्यात.

चौथी.

पाचवी मारताना तिचे डोळे पाण्यानं भरले होते. तिला समोर काही दिसत नव्हतं.

काळ्यात.

मंडपातून टाळ्या आल्या. बर्निससुद्धा दोन वाजवून गेली, हातमोजे घालून, म्हणजे आवाज नको. मर्लनं हात देऊन आर्डिथला उठवलं. ती बंदूक छातीशी धरून उभी राहिली आणि मान ताठ करून म्हणाली, "बघितलंस? काडतुसं मी भरलेली होती."

 मर्ल चटई उचलून खाली बघत होता.

तिची चटई होती तिथे दंव वितळून गवत ओलं, हिरवं झालं होतं. त्या जागेला लागून, डाव्या हाताला, आणखी एक जागा होती. तिच्यापेक्षा लांब. कोपरं टेकली होती तिथे दोन खळगे, बुटांची टोकं रुतली होती तिथे दोन. गवत पार सपाट दबलं होतं.

आणि त्या दबलेल्या गवतावर दंव जसंच्या तसं होतं. पांढरं. एक काडीही वितळलेली नव्हती.