आकाशपाळण्याखालच्या तीन अटी

"तुमीच ना? पांढरा शर्ट, दोन पोरं, आकाशपाळणा... तुमीच!"

तिकिटाच्या रांगेतला तो तरुण दचकला. त्याच्या दोन्ही हातांना एकेक चिमुरडी लटकत होती. समोर अबोली ड्रेसमधली एक मुलगी ठाकली होती, तिच्याही दोन हातांना दोन पोरं.

"हो... म्हणजे, मीच," तो म्हणाला. शर्ट पांढरा होता, पोरं दोन होती, पाळणा डोक्यावर गरगरत होता. नाही कसं म्हणणार?

कोमलला हायसं वाटलं. करंजाच्या कोळीवाड्यात तिच्या घरी सकाळपासून 'पोरांना पनवेलचा मेळा दाखवू' असा घोष चालला होता. पण भावाच्या पोरांचं नुसतं निमित्त आहे, हे न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. मुलाला घरी बघायला बोलवायचं आणि नकार आला की गावभर व्हायचं, त्यापेक्षा मेळ्यात सहज भेटल्यासारखं करायचं. मुलाची खूणही ठरली होती: पांढरा शर्ट, बरोबर दोन पोरं, आकाशपाळण्याखाली. मागच्या खेपेला घरी तसंच झालं होतं. मुलाच्या आत्याने नाकाला पदर लावून विचारलं होतं, "लग्नानंतर मासळीचा धंदा सोडेल ना?" कोमल गप्प बसली होती. त्या गप्प बसण्याचा तिला अजून संताप येई. म्हणून आज आई उसाच्या रसाच्या गाड्यापाशी अडकलेली बघून ती पोरांना घेऊन सरळ पुढे आली होती. होय-नाय काय ते आपणच करायचं!

"नीट आयका. माज्या तीन अटी हायत."

"अटी?... बोला."

"पयली. बाबांचा पाय मोडल्यापासून आमच्या होडीच्या मासळीचा लिलाव मी करते. पहाटे, बंदरावर. लगीन झाल्यावर पन करनार."

"पहाटे म्हणजे... चहा कोण करणार?"

"तुमी."

"जमेल," तो हसू दाबत म्हणाला. "आलं घालू?"

हे कोमलला अपेक्षित नव्हतं. भांडायची सगळी तयारी करून यावं आणि समोरच्याने आलं विचारावं!

"दुसरी," ती घाईघाईने म्हणाली. "लिलावात वरडून माजा आवाज असा बसलाय. घरात हळू बोल, असं कोनी सांगायचं नाय."

"मी बंदरात क्रेन चालवतो. दिवसभर भोंगे ऐकून हळू बोललेलं मला कळतच नाही."

एव्हाना कोमलच्या धाकट्या भाच्याने, भगूने, त्या दोन चिमुरड्यांचे बुढ्ढीके बाल अर्धे फस्त केले होते आणि त्याची बहीण रुचिरा त्यांना पाळण्यात कसं बसायचं ते शिकवत होती.

"तिसरी..." इथे मात्र कोमल अडखळली. "अंगाला मासळीचा वास येतो... असं कदी म्हनायचं नाय. दुसऱ्याला म्हनू द्यायचं नाय."

त्याच्या चेहऱ्यावरची मस्करी गेली.

"वास आवडतो म्हणालो तर खोटं होईल," तो सावकाश म्हणाला. "पण सवय होईल. आणि दुसरं कोणी बोललंच, तर आधी मी बोलेन त्याच्याशी."

कोमलने पहिल्यांदा त्याच्याकडे धड पाहिलं. त्याच्या खिशाला एका चिमुरडीची गुलाबी क्लिप अडकवलेली होती. तिला एकदम लाज वाटली, आणि खूप बरंही.

"कोमल! आगो, ती मानसं हिकडं हायत!"

मैना, तिची आई, रसाच्या गाड्यावरून हात हलवत होती. शेजारी एक पांढरा शर्ट, दोन पोरं आणि एक जाडजूड आई. "हे धर्मराज!"

कोमलचे कान तापले. "मग... तुमी कोन?"

"बहिणीच्या मुलींना घेऊन आलेला मामा. करंजाड्याहून. एकटाच असतो."

"आनि हो कशाला म्हनालात?"

"पहिल्या अटीलाच कळलं, चूक झालीय. पण दुसरी ऐकावीशी वाटली. आणि तिसरी ऐकल्यावर... चूक नसती तर बरं, असं वाटलं."

कोमल वळली. धर्मराजसमोर जाऊन तिने पहिली अट स्पष्ट सांगितली. त्याने आईकडे पाहिलं. "ते... लग्नानंतर बघू ना."

लिलावात 'बघू' म्हणणारं गिऱ्हाईक कधी टोपली उचलत नाही, हे कोमलला पक्कं ठाऊक होतं. तिने हात जोडले. "मग माज्याकडून नाय."

"आगो, लोक काय म्हनतील?" मैना कळवळली.

"म्हनू दे, आये. मागच्या वेळी गप बसले, ते पुरे झालं."

ती परत आली. तो रांग सोडून बाजूला उभा होता, चारही पोरं त्याच्याभोवती. गेला असता तर... नाही, तिला हाच माणूस हवा होता.

"पाळन्यात नाय बसलात?"

"म्हटलं, चौथी अट राहिली असेल."

"नाय. आता तुमची सांगा."

"मला अट नाही. मला तुम्ही आवडलात... अटींसकट."

कोमल एक पाऊल पुढे सरकली. मग म्हणाली, "नाव काय तुमचं?"

"कल्पेश."

तिने त्याचं मनगट धरलं आणि आईकडे वळली.

"आये, हिकडं ये! हे कल्पेश. मी बघितलेत त्यांना... मला पसंत हायत."