बोट डावीकडेच का जाते?

पायऱ्यांवरून सोडलेली बोट दहा-बारा हात अगदी शहाण्यासारखी सरळ गेली आणि मग डावीकडे वळली.

"उजवीकडे घे, उजवीकडे," वकील ओरडला.

"घेतेच आहे," भिंगरी दातओठ खात म्हणाली. रिमोटची कळ तिने उजवीकडे इतकी दाबून धरली होती, की अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. बोटीचे दोन्ही पंखे जिवाच्या आकांताने फिरत होते आणि तरीही बोट तिरपी तिरपी होत पंपाच्या खोलीकडे चालली होती. शेवटी ती खोलीखालच्या लोखंडी जाळीवर जाऊन आपटली आणि तिथेच घुर्रघुर्र करत राहिली. सकाळपासूनची ही पाचवी खेप. शेपूट न सांगताच काठी घेऊन ती सोडवायला पळाला.

या तिघांची आधी ओळख करून द्यायला हवी. भिंगरी बारा वर्षांची. एका जागी बसणं तिच्या नशिबातच नव्हतं, म्हणून आजोबांनी लहानपणीच हे नाव ठेवलं. शेपूट तिचा धाकटा भाऊ. ताई जाईल तिथे तो मागे असायचाच. वकील शेजारच्या घरातला, भिंगरीच्याच वर्गातला. गणिताच्या बाईंशीसुद्धा तो अर्ध्या गुणासाठी तास तास वाद घालायचा. तिघांनी वर्षभर आपले खाऊचे पैसे साठवून सुट्टीच्या पहिल्याच दिवशी ही लाल बोट घेतली होती. न्हाणीघरातल्या टबात ती झकास चालली. बागेतल्या तळ्यात उतरवली आणि तेव्हापासून तिघांच्या डोक्याला ताप झाला.

मंगळवारी तिघं बोट घेऊन दुकानात गेले. खेळणीवाले काका गल्ल्यावर बसून एका अस्वलाच्या पोटात कापूस कोंबत होते. त्यांनी दारातल्या रबरी हौदात बोट सोडली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढल्यासारखी गेली. काकांनी भिंगरीकडे असं पाहिलं, की तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बुधवारी तिघं पुन्हा गेले. बोटीने पुन्हा तेच केलं. हौदात सरळ, तळ्यात वाकडी. या वेळी दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती आणि काकांचा आवाज चढला.

"हे बघ बाळा, बोटीत दोष नाही, हातात दोष आहे. वीस वर्षं दुकान चालवतोय. माझ्याकडची बोट वाकडी गेली तर मी दुकानाची पाटी उतरवीन."

दुकानातली सगळी माणसं हसली. भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मोठ्या माणसाला उलट काय बोलणार? ती बोट छातीशी धरून तरातरा बाहेर पडली.

घरी बाबांनी तर तिचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. सोबतची पुस्तिका वाचली का, एवढंच विचारलं. पुस्तिका तिघांनी इतक्या वेळा वाचली होती, की शेपटाला ती तोंडपाठ झाली होती. ती म्हणून दाखवायला त्याने सुरुवात केली तेव्हा आईने त्याला जेवायला बसवलं.

गुरुवारी सकाळी बागेच्या फाटकावर नवा कागद चिकटवलेला होता. तळ्यातील पाणी कमी झाल्यामुळे सोमवारपासून पुढील सूचनेपर्यंत तळे बंद राहील, कोणीही पाण्यात खेळणी सोडू नयेत, असं त्यावर लिहिलं होतं. खाली बागेच्या साहेबांची वळणदार सही होती.

तिघांनी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. गावात दुसरं तळं नव्हतं. पुढील सूचना म्हणजे कधी, ते मोठ्या माणसांनाच ठाऊक. तेवढ्यात सुट्टी संपून जाणार होती, आणि टबात फिरवण्यासाठी का एवढी बोट घेतली?

साहेबांच्या खोलीत पंखा गरगरत होता आणि टेबलावरच्या प्रत्येक कागदावर एकेक दगड ठेवलेला होता. साहेबांनी मान वर केली नाही. ऊन आहे, उन्हाने पाणी उडून जातं, एवढंही शाळेत शिकवत नाहीत का, असं ते लिहिता लिहिताच म्हणाले.

"पण साहेब, ऊन मागच्या वर्षीही होतंच की," वकील म्हणाला. "तेव्हा नाही उडालं ते?"

"काय म्हणणं असेल ते अर्जात लिहून द्या," साहेब म्हणाले. तो अर्ज आठवड्याने वाचला जाईल, असंही त्यांनी सांगून टाकलं.

तिघं पायऱ्यांवर येऊन बसले. तळं खरंच ओसरलं होतं. वरून तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी असायचं, ते आता सहावीपर्यंत उतरलं होतं. भिंगरीचं डोकं इतकं भणभणलं होतं, की तिने रिमोट वकिलाच्या हातात कोंबला आणि तो चालवू लागल्यावर तूही वाकडीच चालवतोस म्हणून त्याच्यावरच डाफरली. वकीलही चिडला. दोघांची चांगलीच जुंपली. बोट पुन्हा जाळीवर जाऊन बसली होती, तिच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

या भांडणाला कंटाळून शेपूट बोट सोडवायला गेला तो परत आलाच नाही. ती बगलेत मारून तो तळ्याला वळसा घालून पलीकडच्या काठावर गेला आणि तिथूनच त्याने ती पाण्यात सोडली. "आता मी एकटा खेळणार," असं त्याने तिकडून ओरडून सांगितलं. रिमोट मात्र वकिलाच्याच हातात राहिला होता.

वकिलाने सवयीने कळ दाबली. बोट निघाली, आणि थोड्या वेळाने वळली.

"ताई, आज ती माझ्या उजवीकडे चाललीय," शेपूट ओरडला.

भिंगरी भांडता भांडता थांबली. त्याच्या उजव्या हाताला पंपाची खोली होती. म्हणजे बोट डावीकडेही जात नव्हती आणि उजवीकडेही जात नव्हती. कुठूनही सोडली तरी ती त्या जाळीकडेच जात होती.

"वाऱ्याने जात असेल," वकील म्हणाला, पण त्याचा आवाज जरा पडलेला होता.

भिंगरीने पाण्याची रिकामी बाटली उचलली, तीत तळ्याचं पाणी गळ्यापर्यंत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि ती पाण्यात ठेवली. बाटली जवळजवळ पुरती बुडाली, फक्त झाकणाचं टोक वर राहिलं. तेवढ्याशा टोकाला वारा काय ढकलणार? शिवाय झाडांची पानं उलट दिशेला हलत होती. शेपूटही धावत परत आला आणि तिघं पाहत राहिले. झाकण हळूहळू, अगदी गोगलगाईच्या चालीने, जाळीकडे सरकू लागलं.

"बोट चांगली आहे," भिंगरी म्हणाली. तिला एकदम रडूच यायला लागलं. "पाणी चाललंय. तळं गळतंय."

जाळीमागे निचऱ्याचा पाइप होता आणि तो उघडायचं-मिटायचं चाक पंपाच्या खोलीत होतं. ते चाक म्हणजे तळ्याच्या राखणदारकाकांचा जीव की प्राण. दर सोमवारी सकाळी ते चाक पूर्ण उघडून तळाचा गाळ जाऊ देत आणि मग मोठ्याने मोजत ते मिटवत. एकवीस फेरे. मागच्या राखणदाराने त्यांना एकवीसच सांगितले होते आणि बजावलं होतं, की त्यापुढे गेलास तर आतला दांडा तुटेल. म्हणून एकवीस झाले की ते हात झटकून बाजूला होत.

"चाक घट्ट मिटलेलं आहे पोरांनो," तिघांचं ऐकून ते म्हणाले. "स्वतः मोजलंय मी."

वकिलाने चाक निरखून पाहिलं. त्याचा हिरवा रंग अजून चकाकत होता. मागच्या महिन्यात जुनं काढून हे बसवलं, असं काकांनीच सांगितलं. मग याचेही फेरे एकवीसच कशावरून, असं वकिलाने विचारताच काका दुखावले. चाक नवं असलं तरी ते फिरवणारा जुनाच आहे, असं म्हणून त्यांनी खोलीला कुलूप घातलं.

साहेब ऐकत नव्हते, काका मानत नव्हते, बाबा कामावर गेले होते. आता करायचं काय? एवढं खरं कळूनही ते कुणाच्या गळी उतरेना, याचा भिंगरीला बोट वाकडी गेली त्याहून जास्त वैताग आला. ती पायऱ्यांवरून वर-खाली, वर-खाली करत राहिली आणि सातव्या खेपेला मध्येच थांबली.

"आपण सांगून उपयोग नाही," ती म्हणाली. "ज्याचं नाक कापलं जाईल असा मोठा माणूस आणायला हवा."

शुक्रवारी दुपारी दुकानात गर्दी होती. भिंगरी गल्ल्यासमोर उभी राहिली आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणाली, "काका, तुमचं बरोबर आहे, दोष आमच्याच हातात आहे. तळ्यावर येऊन एकदा चालवून दाखवाल का? नवीन बोट आणा, खोक्यातली. म्हणजे आम्हाला शिकता येईल."

चारचौघांत असं म्हटल्यावर काका फुगले. एक कोरी निळी बोट काखेत मारून ते निघाले, आणि गंमत पाहायला दोन-तीन गिऱ्हाइकंही मागोमाग आली.

निळी बोट पायऱ्यांवरून सुटली. दहा-बारा हात सरळ गेली आणि डावीकडे वळली. काकांनी कळ दाबली, मग आणखी दाबली, मग रिमोट हातावर आपटून पाहिला. बोट जाळीवर जाऊन आपटली. एका गिऱ्हाइकाने, पाटी कधी उतरवताय, असं हळूच विचारलं.

काकांचा चेहरा त्यांच्या दुकानातल्या लाल चेंडूसारखा झाला. तेव्हा भिंगरीने पाण्याने भरलेली बाटली पुढे केली आणि सगळं नीट सांगितलं. या वेळी कुणीतरी ते शेवटपर्यंत ऐकलं, कारण ऐकणाऱ्याला ते खरं निघायला हवं होतं. बाटली जाळीकडे सरकताना पाहून खेळणीवाले काका जे उठले, ते थेट साहेबांच्या खोलीत शिरले आणि त्यांना खुर्चीवरून उठवूनच घेऊन आले.

पंपाच्या खोलीत आता पाय ठेवायला जागा नव्हती. चाक आणखी फिरवा, असं खेळणीवाले काका म्हणत होते. दांडा तुटला तर माझी नोकरी जाईल, असं राखणदारकाका म्हणत होते. चाक मिटलेलंच आहे, मी तसा अहवाल दिलेला आहे, असं साहेब म्हणत होते. नुसती टोलवाटोलवी चालली होती. भिंगरीने मध्ये घुसून राखणदारकाकांचा हात धरला.

"काका, नव्या चाकाबरोबर काही कागद आला होता का? आमच्या बोटीबरोबर पुस्तिका आली होती, तसा?"

"कागद नाही गं," काका आठवत म्हणाले. "एक पुठ्ठा बांधला होता सुतळीने. साहेबांनी तो सोडून नेला."

सगळे साहेबांकडे वळले.

"फाइलला लावलाय तो," साहेब जरा अभिमानानेच म्हणाले. "कार्यालयाचा कागद असा चाकाला लटकत ठेवून कसा चालेल?"

फाइल आणायला वकील साहेबांबरोबर गेला, कारण ते एकटे गेले तर आठवड्याने परत येतील, अशी त्याला भीती होती. पुठ्ठा सापडला. नेटकं भोक पाडून, क्रमांक घालून लावलेला होता, आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं: पूर्ण बंद करण्यासाठी अठ्ठावीस फेरे.

राखणदारकाकांनी बाह्या सरसावल्या. बावीस, तेवीस, असं ते मोजू लागले. पंचविसापासून शेपूटही मोजू लागला, मग सगळेच. अठ्ठाविसाव्या फेऱ्याला भिंतीतली एक बारीक घरघर थांबली. इतके दिवस ती चालू होती, हे ती थांबल्यावरच सगळ्यांना कळलं.

दोन दिवस नळ सोडून तळं पुन्हा भरलं. रविवारी सकाळी फाटकावरचा कागद निघाला. साहेबांनी तो स्वतः काढला आणि तिघांची पाठ थोपटून, कार्यालय सदैव जागरूक असतं, असं एक छोटं भाषणही केलं. राखणदारकाकांना भाषण येत नव्हतं. त्यांनी नुसतं भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तीस माणसं रोज या काठावर फिरतात," ते म्हणाले. "मी तर इथेच बसतो. पाणी चाललेलं तुम्हालाच दिसलं."

बाबाही आले होते. मी तुझं ऐकून घ्यायला हवं होतं, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. भिंगरीला ते इतकं नवीन होतं, की तिने त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

मग लाल बोट पाण्यात उतरली. सगळा काठ बघत होता. ती दहा हात सरळ गेली, वीस हात सरळ गेली, तळ्याच्या बरोब्बर मध्यावर पोचली आणि थांबली.

भिंगरीने कळ दाबली. पुन्हा दाबली. दोन दिवसांच्या धांदलीत बोट चार्ज करायची कुणालाच आठवण राहिली नव्हती. तीन माणसं बुडतील एवढं खोल पाणी, काठी तिथवर पोचायची नाही, वारा तर पान हलवण्याइतकाही नाही.

"येईल वाहत काठाला," शेपूट म्हणाला.

सगळे वाट बघत बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बोट डावीकडे गेली नाही, उजवीकडे गेली नाही, तसूभरही हलली नाही. वकिलाने कपाळावर हात मारला. भिंगरीला खरं तर चिडायचं होतं, पण त्या स्तब्ध बोटीकडे बघता बघता तिला असं हसू फुटलं, की ती पायरीवर बसलीच. एका जागी इतका वेळ बसलेली भिंगरी घरच्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली.