थोरल्याची वर्दी

शिट्ट्या बास करा आता. बारामतीला पिक्चर बघताना मारल्या तेवढ्या पुरे झाल्या. हितं जळोचीत लोकं झोपलीत. शेवटच्या गोळीपर्यंत लढले म्हणून टाळ्या पिटता, आन त्यात जो पळून जातो त्याला शिव्या घालता, व्हय ना? मग तसल्याच एका पळणाऱ्याचं ऐका. घडलेलं हाय, मी तितं व्हतो. मधी कुनी उठायचं न्हाय. ज्याला जायचंय त्यानं आत्ताच जाऊन यावं.

चोवीस सालचा मे. बुद्धपौर्णिमा गुरुवारी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची, शुक्रवारची रात्र. उजनीचं पानी पार आटलेलं. डाळजच्या बाजूला धरणाचा तळ उघडा पडला व्हता. तितं पुन्याच्या लोकांनी लढाईच्या पिक्चरचं शूटिंग लावलं व्हतं. मी ट्रॅक्टरला जोडून पान्याचा टँकर पोचवायला गेलतो. माझं काम तेवढंच.

डायरेक्टर ऋषिराज नावाचा पोरगा, लई तोंडाळ. मूठभर सैनिक चौकी राखता राखता मरत्यात, असा सीन. त्यातल्या एकानं तेवढं खंदकातनं उडी मारून पळायचं. चांगला पळणारा पाहिजे म्हणला, तसा सुयोग पुढं झाला. माझ्या डाळजच्या दोस्ताचा धाकटा. रोज पहाटे हायवेच्या कडंनं पळायचा. फौजेत जायचं, एवढंच खूळ. पुढच्या आठवड्यात त्याचं भरतीचं मैदान व्हतं.

शूटिंगवाल्यांकडं ड्रेस कमी पडले. हितं त्या पोरानं माती खाल्ली. त्याचा थोरला भाऊ बुद्धघोष फौजेत व्हता. पार वर डोंगरात वेढा पडला तरी चौकी सोडली न्हाय, तितंच गेला. त्याची वर्दी आई, द्वारकाबाई, पेटीत घडी घालून ठेवायची. सुयोगनं तिला न इचारता ती काढली आन अंगात घातली.

मी म्हणलो, "आरं, ही घालून पळनार तू?"

"तात्या, पिक्चरच हाय की," म्हणला.

फटाके फुटले. ऋषिराज वरडला, पळ. सुयोग उठला आन तितंच थांबला.

"काय झालं रं?"

"पाय उचलंना."

ऋषिराजनं त्याला नको नको ते सुनावलं. भरतीला बी असाच दगडावानी उभा राहनार का, म्हणला. पोरं हसली. पुन्हा फटाके. पुन्हा ह्यो उभाच. तिसऱ्या खेपेला त्यो खाली बसला. लाकडी बंदूक खांद्याला लावली आन समोर बघाय लागला. समोर कुनी न्हवतं. नुसता कोरडा तळ.

तेवढ्यात लाईट गेली. जनरेटर चालू व्हता, तरी गेली. चांदन्यात सगळं दिसत व्हतं. मी खंदकात उतरलो. म्हणलं, चल सुयोग, बास झालं.

"चौकी सोडायची न्हाय."

आवाज सुयोगचा न्हवता...

बुद्धघोष माझ्या मांडीवर खेळलेला. त्याचा आवाज मी इसरंन व्हय?

"माझ्या कपड्यात पळतोय..."

त्यानं मान वळवली. माझ्याकडं बघितलं. भाऊ भावावर चिडतो, ती नजर न्हवती ती. मला लई भ्या वाटलं, खोटं कशाला सांगू.

"सोड त्याला," मी म्हणलो. "धाकटा हाय. त्याला तुझ्यासारखंच व्हायचंय."

त्यानं खांद्याची बंदूक खाली घेतली.

मग त्यो हसला.

"लई पळतो, न्हाय का?"

आन सुयोग खाली कोसळला.

मी आन ऋषिराजनं उचलून गाडीत घातला. वर्दी वाटंतच काढली. पोरगं शुद्धीवर आलं, सारखं म्हणायचं, तात्या, पाय कुठं हायत माझं. भिगवनच्या दवाखान्यात नेला. बूट निघंनात. कापून काढले. डॉक्टरनं दिवा जवळ घेतला. दोन्ही पायांची बोटं काळी ठिक्कर पडलेली.

"हा बर्फात कुठं होता?" डॉक्टरनं इचारलं.

बर्फ? वर पंखा गरम वारं फेकत व्हता. माझा शर्ट घामानं अंगाला चिकटला व्हता. डॉक्टर म्हणला, बोटं वाचायची न्हाईत. सुयोगनं भिंतीकडं तोंड केलं. भरतीचं नाव त्यानं परत काढलं न्हाय.

पहाटे द्वारकाबाई आली. काय झालं, कुनी सांगितलं न्हाय तिला. तिनं चादर बाजूला केली, पाय बघितले, आन चादर परत घातली. रडली न्हाय. मग माझ्याकडं बघून बोलली,

"थोरल्याचं पाय बी असंच आलतं. मी कुनाला दाखवलं न्हवतं."