फेथसाठी सोडलेली जागा

दौंडात 'आमचा बँड आहे' म्हटलं की लोक वरातीची तारीख विचारायचे. आमचा बँड निराळा होता. टोनीच्या वडिलांकडे साठच्या दशकातल्या इंग्लिश गिटारवाल्या पोरांच्या रेकॉर्डी होत्या. त्या ऐकून टोनी बिघडला आणि त्याने मलाही बिघडवलं. तो गिटार वाजवत गायचा, त्याची बायको फेथ त्याच्या जोडीने गायची, मी ड्रम बडवायचो. चाली विलायती, शब्द मराठी, नाव 'लूपलाइन'. रेल्वेच्या गावात दुसरं काय सुचणार?

रेकॉर्डिंग मिशन कंपाउंडमध्ये, टोनीच्या घरी, भर दुपारी चालायचं. एक मालगाडी गेली की दुसरी यायच्या आत गाणं उरकायचं. मशीन कॅसेटचंच, पण त्यात चार आवाज वेगवेगळे भरता यायचे. टोनी आधी एकटा गायचा. एक ओळ स्वतः म्हणायची, पुढची फेथसाठी मोकळी सोडायची, ही त्याची पद्धत. त्या मोकळ्या जागेत नुसता त्याच्या बुटाचा ठेका ऐकू यायचा. फेथ मागाहून आपल्या ओळी भरायची.

२००१च्या जानेवारीत शिरूरहून कार्यक्रम करून येताना न्हावऱ्याजवळ टोनीची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. माझा जिवाभावाचा मित्र गेला. त्यानंतर मी ड्रमवरचं फडकंसुद्धा काढलं नाही.

ईस्टर झाल्यावर फेथने बोलावून घेतलं.

"राहिलभाऊ, शेवटच्या गाण्यात माझी जागा मोकळीच राहिलीय. तेवढी भरून घ्या. मंग त्याला जाऊ देते मी."

मी रांजणगावच्या कारखान्यात क्वालिटीला होतो. तपासल्याशिवाय काही पास न करणारा माणूस. मशीन झाडून पुसून लावलं.

फेथ गायली. मी टेप मागे घेऊन ऐकली. दोघांचे आवाज एकाच माइकपुढे उभं राहिल्यासारखे, अगदी लगटून. बुटाचा ठेका मात्र नव्हता. फेथचा ट्रॅक बंद करून टोनीचा एकट्याचा ऐकला. तिथेही नव्हता. जानेवारीत भरलेला आवाज असा पुसला जात नाही. मी मशीनचं हेड स्पिरिटने पुसलं, वायरी बदलल्या.

"परत घ्या," फेथ म्हणाली.

या वेळी ती एक शब्द चुकली. टेप लावली, तर त्या चुकीपाशी टोनी हसला. पोटातून, नेहमीसारखा.

मी फेथकडे पाहिलं. तिचे डोळे वाहत होते आणि चेहरा उजळला होता.

टोनीची आई, दबोरामावशी, दारात आली. "फेथ, चहा ठिवू का? आगं, मोठ्यानं बोल की. कायबी ऐकू येत न्हाई."

फेथ बोलली होती. माझ्यापासून हातभर अंतरावर. मलाही जेमतेम कुजबुज ऐकू आली होती.

"घसा बसला असंल," मी म्हणालो. मावशी आत गेल्या.

तिसऱ्यांदा घेताना माझ्या हेडफोनमध्ये फेथचा आवाज इतका भरदार आला, की मी दचकून एक कान मोकळा केला.

खोलीत पंख्याची घरघर होती. फेथ तोंड भरून गात होती आणि खोलीत तिचा सूर नव्हता.

मी मशीन थांबवलं. प्लग उपटला. लाल दिवा विझला.

"वहिनी, बास. तुमच्या पाया पडतो. चला, मावशींजवळ बसू."

ती हसली. टोनी गेल्यापासून पहिल्यांदाच. तिचे ओठ हलले, पण काहीच ऐकू आलं नाही.

ऐकू आलं ते माझ्या दुसऱ्या कानावरच्या हेडफोनमध्ये.

"तुम्ही जा, राहिलभाऊ. आम्ही अजून एकदा घेतो."