सगळे एक नंबर

दुपारी वीज गेली आणि गॅसवरचा चहा उकळायच्या आत परतही आली. पाळण्याच्या कडेचा दिवा लाल झाला, पिवळा झाला, मग हिरवा. तेव्हा कुठे अनुजाचे खांदे खाली आले. खरं तर पाळणा रिकामाच होता, सांची तिच्या मांडीवर दूध पीत होती. तरी दिवा हिरवा दिसेपर्यंत तिला चैन पडत नसे.

सांची दिवस भरायच्या आधी जन्मलेली. अशी बाळं झोपेत कधीकधी श्वास घ्यायचाच विसरतात. म्हणून हल्ली त्यांच्या छातीवर नखाएवढी एक चकती चिकटवतात. कंपनीने तिला लांबलचक नाव दिलं होतं, पण सांगलीतल्या आया तिला सरळ टिकली म्हणत. टिकली श्वास ऐकायची आणि पाळण्याला कळवायची. श्वास लांबला की पाळणा हलून बाळाला हलकेच ढोसायचा. बाळ दचकायचं आणि पुन्हा श्वास घ्यायचं. पाळण्याला एक छोटा पडदा होता, त्यावर श्वासाच्या लाटा दिसत. पडदा काढून स्वयंपाकघरातही नेता येई. अनुजा तो न्हाणीघरातही नेत असे.

रिकामा पाळणा हलला.

एकदा. मग पुन्हा, जरा जोरात. पडद्यावरची लाट आडवी पडली होती.

अनुजाने चटकन मांडीवर पाहिलं. सांची चुरूचुरू पीत होती, नाक फुरफुरत होतं.

"काय गं बाई, टिकली सुटली का तुझी?"

तिने झबल्यात बोट घालून टिकली दाबली. घट्ट होती. पडदा मात्र सपाट. मग एक बारीकशी लाट उठली आणि विझली. पुन्हा काही नाही. तेवढ्या वेळात सांचीने कितीतरी श्वास घेतले होते, ते अनुजाच्या दंडाला लागत होते.

ही लाट सांचीची नव्हती.

क्षणभर तिला हायसं वाटलं. पण सांचीची नाही, तर मग कुणाच्या बाळाची?

कॉलेजात ती संगणकांच्या जाळ्यांबद्दल शिकली होती. पाळणा सुरू झाला की तारेवर हाक मारतो, 'माझी टिकली कुठाय?' जी टिकली वायफायवरून आधी 'ओ' देईल, ती त्याची. इमारतीतल्या सगळ्या घरांच्या तारा तळमजल्यावरच्या एकाच पेटीत, म्हणजे स्विचमध्ये येत होत्या. त्या पेटीत प्रत्येक घराला वेगळा नंबर दिला, की घराघरांत जणू न दिसणारी भिंत उभी राहते आणि या घरची हाक त्या घरात जात नाही. नंबर दिलेच नसतील तर? आत्ता वीज आल्यावर सगळे पाळणे एकदमच जागे झाले असणार. एकदमच हाका मारत सुटले असणार.

सांचीला खांद्यावर टाकून तिने सोसायटीच्या सेक्रेटरींना, बिरनाळेकाकांना फोन लावला.

"काका, खालच्या पेटीत घरांना वेगवेगळे नंबर दिलेत ना?"

"कसले नंबर?"

"स्विचमध्ये ओ! बसवायला माणूस आला होता बघा..."

"हां, तो होय!" काका खुशीत आले. "म्हणत होता, शिरोळकरांना दोन नंबर देतो, मुजावरांना तीन. म्हटलं, बाबा, आमच्यात दोन नंबरचं कुणी नाही, सगळी सरळमार्गी माणसं. कारखान्यातनं आलंय तसंच ठेव. सगळे एक नंबर!"

"काका, हसू नका." अनुजा दार उघडून बाहेर पडली. "इमारतीत असा पाळणा आणखी कुणाकडंय?"

"शिरोळकरांकडं, पण ती मंडळी बाळाला घेऊन कराडला गेलीत. आणि खाली मुजावर. का गं, काय झालं?"

ती जिन्यात पोचली होती. मागे घरात रिकामा पाळणा हलतच होता, खड्खड्, खड्खड्, कुणाला तरी उठवत.

रुबीना मुजावरने दार उघडलं आणि आधी ओठांवर बोट ठेवलं. "हळू गं! आत्ता डोळा लागलाय झैदचा."

"उचल त्याला."

"काय?"

"रुबीना, उचल त्याला आधी!"

"वेडी का काय तू? किती वेळानं झोपलाय." तिने हातातला पडदा पुढे केला. "बघ की, कसा छान चाललाय श्वास."

पडद्यावर एकामागून एक लाटा येत होत्या, गुबगुबीत, सारख्या. अनुजाला त्या ओळखू आल्या. तिने सांचीच्या झबल्यात हात घातला आणि छातीवरची टिकली खर्रकन ओढून काढली. सांची किंचाळली.

रुबीनाच्या हातातल्या लाटा थांबल्या.

रुबीनाने पडद्याकडे पाहिलं, सांचीकडे पाहिलं. मग पडदा टाकून ती आत धावली.

पाळणा स्वस्थ होता. झैदही स्वस्थ होता. फार स्वस्थ. ओठांभोवती जांभळट कडा आली होती. रुबीनाने त्याला उचललं तशी त्याची मान मागे पडली.

"या अल्ला! झैद! झैद!"

"हलवू नको, मान धर." अनुजाने मोकळ्या हाताने त्याचा पाय पकडला आणि तळव्यावर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली, नखाने, लागेल अशी. पाठ चोळली. पुन्हा टिचकी. खांद्यावर सांची रडत होती आणि त्या रडण्यात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

झैदचं पोट आत गेलं. मग एकदम फुगलं. तोंड वाकडं झालं आणि आधी बिनआवाजाचं, मग इमारतभर ऐकू जाईल असं तो रडला.

रुबीना त्याला घेऊन मटकन खाली बसली. काका धापा टाकत दारात आले होते. कुणी काही न सांगताच त्यांचा चेहरा उतरला.

"आत्ता बोलावतो त्या माणसाला," ते पुटपुटले. "आत्ता."

"दोन नंबर द्या, दहा द्या," रुबीना त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "काय पाहिजे ते द्या मला."

काका गेले. दोघी जमिनीवरच बसून राहिल्या, मुलं छातीशी धरून. मुलांचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. रुबीना झैदच्या नाकाशी बोट धरून बसली होती.

"अनुजा," ती मधेच म्हणाली, "याला वॉर्डातनं घरी सोडलं ते लाटा बघूनच ना? डॉक्टर म्हणाले, महिनाभरात एकदाही थांबल्या नाहीत. आता घाबरायचं काही कारण नाही."

"सांचीच्या वेळीही हेच म्हणाले होते."

"त्याच वॉर्डात?"

अनुजाने होकारार्थी मान हलवली. तिथे पाळण्याला पाळणा लागून होता आणि प्रत्येकावर एकेक पडदा, शांत, सारख्या लाटांचा. तिने सांचीच्या उघड्या छातीवर तळहात ठेवला. टिकली निघाली तिथली कातडी लाल झाली होती.

"मग तिथल्या पेटीत," रुबीनाने हळूच विचारलं, "वेगवेगळे नंबर दिले असतील ना गं कुणी?"